मागितलं की द्यायचं

अबानुका या बेटदेशाच्या पथकात खेळाडू तीन होते आणि पदाधिकारी अकरा. विमानतळावर निरोप द्यायला आलेल्या बायकांनी फुलांच्या माळा आधी पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात घातल्या, आणि खेळाडूंची पाळी येईपर्यंत माळा संपल्या. तौरेकाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. आपल्याला विमानात चढू देतात की नाही, एवढाच घोर तिला लागला होता. मागच्या खेपेला वजन जास्त होतंय म्हणून एका भालाफेक्याला शिडीवरून खाली उतरवलं होतं, आणि सचिवांनी मेहुण्यासाठी घेतलेलं सुक्या माशांचं पोतं मात्र ऐटीत गेलं होतं.

अकरा जणांना अकरा कामं नेमून दिलेली होती. सचिव दोन होते, कारण एकालाच नेलं असतं तर दुसऱ्याच्या गावाने वर्षभर बोलणं टाकलं असतं. पाद्रीबुवा आत्मिक बळासाठी होते. त्यांच्या बायकोकडे खेळाडूंचा आहार होता, आणि आहाराविषयीची बाईंची कळकळ त्यांच्याकडे नुसतं बघूनही पटायची. डॉक्टर म्हणून निघालेले गृहस्थ मत्स्यखात्यात होते. सगळ्यांत शेवटी तौरेकाचा बिरीबोमामा. तिला धावायला शिकवणारा तो एकटाच, म्हणून त्याला विमानात शौचालयाला लागून जागा मिळाली.

या सगळ्यांच्या वर अध्यक्ष नाबुआका. त्याच्याविषयी सांगायचं तर आधी बुबुतीविषयी सांगावं लागेल.

अबानुकात मागितलं की द्यायचं असतं. नात्यातल्या माणसाने समोर येऊन, तोंडाने, बुबुती घातली की विषय संपला. जाळं मागितलं, जाळं दिलं. डुक्कर मागितलं, डुक्कर दिलं. नाही म्हणता येत नाही असं नाही. पण नाही म्हणणाऱ्याची गोष्ट मग त्याच्या नातवंडांच्या लग्नातही निघते, आणि सांगणारा दर वेळी थोडी भर घालतो. देश एवढा चिमुकला की नात्यात नाही असा माणूस शोधायला होडी काढावी लागते. आज तुम्ही माझं नेलंत, उद्या मी तुमचं नेईन, असं फिरत राहतं. त्यामुळे इथे कोणी श्रीमंत झालं नाही आणि कोणी उपाशीही झोपलं नाही. पूर्वजांनी फार विचार करून ही व्यवस्था बसवली असणार. फक्त त्यांनी विमानाचा विचार केला नव्हता.

नाबुआकाने तो केला. तो मागायचा आणि परदेशी बैठकीला निघून जायचा. बोटीचं इंजिन त्याने चुलतभावाकडून मागून घेतलं, फ्रिज मेहुणीकडून, सायकल बिरीबोमामाकडून. उलट मागायला माणसं त्याच्या दारी जायची तेव्हा अध्यक्ष सुवाला, नाहीतर ऑकलंडला, नाहीतर जिथे तरुणांचा सर्वांगीण विकास चालू असेल तिथे. परत यायचा तो नवी बॅग घेऊन. अंगण ओलांडून घरात शिरेपर्यंत दोघातिघांकडून काहीतरी मागून झालेलं असायचं, आणि पुढच्या विमानाने गडी पुन्हा पसार.

तौरेकाला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. पुढच्या वर्षी जगाची मोठी स्पर्धा होती. तिथे अबानुकासारख्या देशांना आवश्यक ती वेळ गाठली नाही तरी धावण्यासाठी एक जागा देतात. कीव म्हणून म्हणा, नाहीतर झेंडे कमी पडू नयेत म्हणून. ती एक जागा कोणाला द्यायची हे अध्यक्ष ठरवतात. आणि अध्यक्षांना भाची होती. मेरेविना हसरी होती, सुरेख नाचायची, कोणाच्या वाटेला जात नसे. धावायला मात्र तिला फारसं आवडत नव्हतं. मामाने बूट आणून दिले म्हणून ती शंभर मीटर धावायची आणि संपल्यावर हुश्श म्हणायची.

तौरेकाला धावण्याचं वेड होतं. वेड म्हणण्याचं कारण असं की अबानुकात धावायला जागाच नाही. रस्ता एक, सुतासारखा सरळ. एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि दोन्हींच्या मध्ये डुकरं. सगळ्या देशात वळण एकच, चर्चला वळसा घालणारं. मैदानावर वळणं असतात हे बिरीबोमामाला कळलं तेव्हापासून तो तिला चर्चभोवती फिरवायचा. आत भजनं चालू असताना ती खिडक्यांवरून पुन्हा पुन्हा जायची, आणि म्हाताऱ्या बायका प्रत्येक फेरीला तिच्यासाठी वेगळी प्रार्थना करायच्या. चार वर्षं तिने हे केलं. बरोबरीच्या मुली लग्न करून मोकळ्या झाल्या, त्यांना मुलं झाली, ती मुलंही तिच्यामागे थोडी धावून दमली.

बेटांच्या क्रीडामेळाव्याला निघण्याआधी बिरीबोमामाने धीर करून अध्यक्षांना विमानतळावरच गाठलं आणि त्या एका जागेचं विचारलं. अध्यक्ष खुशीत होते, गळ्यात माळा होत्या, ऐकणारे पुष्कळ होते. ते म्हणाले, पोरीने आठशे मीटरमध्ये पदक आणावं, जागा तिची. अबानुकाला आजवर कशातच पदक मिळालेलं नव्हतं, त्यामुळे हे आश्वासन अगदीच फुकटात पडतंय असा त्यांचा हिशेब असावा.

मेळावा ओनेबाकीला होता. ओनेबाकी म्हणजे आमचा थोरला शेजारी: तिथे डोंगर आहे, दोन मजली दुकान आहे आणि कोणत्या तरी मोठ्या देशाने बांधून दिलेलं लाल मैदान आहे. आमच्या पथकाने पहिल्या दिवशी जेवणघर पाहिलं आणि पदाधिकाऱ्यांचा मुक्काम तिथेच पडला. आहारतज्ज्ञ बाई खेळाडूंच्या आधी प्रत्येक पदार्थ चाखून बघत होत्या. त्यांचं बघून होईपर्यंत खेळाडूंनी पाव आणि केळी खाल्ली.

त्या संध्याकाळी तौरेकाला तिचे नातेवाईक सापडले. आजीची बहीण लग्न होऊन ओनेबाकीला आली होती, तिची नात काआके. तीसुद्धा आठशे मीटर धावणारी. काआकेच्या आईने घरी नेलं, फणस भाजला, खेकडे उकडले, नारळाच्या दुधातला मासा पुढे ठेवला, आणि कोण कोणाची कोण हे सगळं पाच पिढ्यांपर्यंत उलगडून झालं. काआके बडबडी आणि मायाळू होती. तिने खोबरेल घेऊन तौरेकाच्या पोटऱ्या चोळून दिल्या आणि हसत हसत सांगितलं की उद्या सगळं गाव ढोल घेऊन येणार आहे, पाद्रीसुद्धा, म्हणून तिला दोन दिवस झोप नाही. तौरेकाला ती फार आवडली. बिरीबोमामा मात्र परत येताना म्हणाला, शर्यत होईपर्यंत नातेवाईक सापडले नसते तर बरं झालं असतं.

शर्यतीत पुढच्या दोघी मोठ्या देशाच्या होत्या, उंच, घोटीव, कोणाकडे न बघणाऱ्या. त्या पहिल्या वळणावरच निघून गेल्या आणि त्यांच्याशी कोणाला काही देणंघेणं उरलं नाही. भांडण होतं ते तिसऱ्या नंबरचं. पहिला फेरा संपला तेव्हा तौरेका तिसरी होती. वळणं तिला सोपी वाटली. इथे ना डुकरं होती ना खिडकीतून प्रार्थना. मागे काआकेची पावलं वाजत होती, पण दूर. शेवटचं वळण आलं तेव्हा तौरेकाच्या मनात पहिल्यांदा आलं की हे होतंय. छाती पेटली होती, पाय जड झाले होते, पण ते तर रोजचंच. पुढे सरळ रस्ता होता, आणि सरळ रस्त्यावर तिला हरवणारं अजून कोणी जन्माला आलं नव्हतं, निदान अबानुकात.

तेवढ्यात काआके अगदी खांद्याशी आली. सगळा जीव एकवटून आली असणार, कारण तिला पुढे जाता येत नव्हतं, फक्त बोलता येत होतं. आणि ती बोलली, धापा टाकत, आमच्याच भाषेत, आजीच्या बहिणीने शिकवलेल्या.

"तौरेका. बुबुती घालते. तिसरा नंबर दे."

तौरेकाने ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं, असं नंतर कितीतरी जणांनी म्हटलं, पण ऐकू आलं त्याला ती काय करणार. तिला भयंकर राग आला. काआकेचा आला, आजीच्या बहिणीचा आला, काल खाल्लेल्या खेकड्यांचा आला. चार वर्षं एका जागेसाठी धावलेली बाई मी, असं तिचं डोकं ओरडत होतं. पण पायांना डोक्याची भाषा कळेना. पाय अबानुकाचे होते. मागितल्यावर घट्ट धरून ठेवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. ते थोडे आखडले, फक्त थोडे, पाहुण्याला दारातून आधी आत जाऊ द्यावं तेवढे. काआके पुढे गेली. ढोल वाजले.

तौरेका चौथी आली.

काआके रेषेपलीकडे पोटाशी पाय घेऊन रडत बसली होती. पदक मिळाल्यावर ती सरळ तौरेकाकडे आली, ते हातात धरून म्हणाली की आता तू माग, मी देते, आत्ता देते. आणि ती मनापासून म्हणत होती. पदक मागता आलं असतं. पण चौथा नंबर बदलून द्या असं कोणाला म्हणणार? तिथे तो फलकावर चढला होता, आणि फलक कोणाच्याच नात्यातला नव्हता. तौरेकाने तिला जवळ घेतलं, राहू दे म्हणाली, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन भिंतीवर इतक्या जोराने थाप मारली की हात सुजला. मत्स्यखात्यातल्या डॉक्टरांनी त्यावर बर्फ लावला आणि सवयीने बर्फाचं खोकं तपासून झाकण लावलं.

बिरीबोमामा तिच्या शेजारी येऊन बसला. त्याने स्वतःची सायकल, पलंग आणि एक चांगला पाणबुडी चष्मा असाच घालवला होता.

अध्यक्ष मात्र बोलले. जेवणघरातच, ताट पुढे ठेवून, सगळ्या पथकाला ऐकू जाईल असं. पदकाच्या स्वागताचं भाषण त्यांनी विमानतळावर दिलेल्या शब्दानंतर लगेच तयार केलं होतं. माझ्या नेतृत्वाखाली असं त्यात बरेचदा येत होतं. ते आता वाया गेलं, याचं दुःख खरं होतं.

परतल्यावर रिवाजाप्रमाणे मनेआबात सगळा गाव जमला. आमचं सभाघर मोठं आहे, पण त्याचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत यायचं तर प्रत्येकाला वाकावं लागतं, अध्यक्षालाही. चटयांवर ज्याची त्याची घराण्याची जागा. मध्ये जाणते म्हातारे, त्यांत सगळ्यांत वडील उरियाम आजोबा. त्यांना दात नव्हते आणि घाई नव्हती. जेवणं झाली, पोरीबाळी नाचल्या, मग अध्यक्ष उठले.

नाबुआकाने सुरुवात देवापासून केली, मग समितीचे आभार मानले, म्हणजे स्वतःचे. मग आवाज चढवला. देशाचं पहिलं पदक एका मुलीने वाटेत देऊन टाकलं, म्हणाला. जग कुठे चाललंय आणि आपण कुठे. असल्या मागासलेल्या चालीरीतींनी आपण कधी वर येणार नाही. मैदानावर बुबुती नसते, तिथे ज्याचं त्याचं असतं. जिला हातातलं राखता येत नाही तिला जगापुढे कसं न्यायचं? म्हणून मोठ्या स्पर्धेची जागा समितीने विचारपूर्वक मेरेविनाला दिली आहे. टाळ्यांसाठी तो थांबला. टाळ्या पदाधिकाऱ्यांच्या चटईवरून आल्या, बाकी कुठून आल्या नाहीत.

तौरेकाला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. तिला फक्त त्याच्या पायाकडे बघत राहावंसं वाटलं. काळ्या चपलांचे ते पाय दर महिन्याला विमानाची शिडी चढत होते. आता भाषण संपवून तो बसला होता, ते चटईवर मांडी घातलेले होते, आणि पुढचं विमान शुक्रवारी होतं.

मग उरियाम आजोबा बोलले.

"नाबुआका, चालरीत मागासलेली म्हणालास ना? मग तुझ्या बोटीवरचं इंजिन आधी चुलतभावाला देऊन ये. फ्रिज मेहुणीला. त्या बिरीबोची सायकल पण आहे म्हणे तुझ्याकडे. आम्ही बसतो तोवर."

कोपऱ्यातून बायकांचं हसू आलं. नाबुआकाने घाम पुसला आणि गाडी वळवली. बुबुती तर आपला प्राण आहे, म्हणाला, आपल्याला शेजाऱ्यापासून वेगळं करते ती हीच, मी फक्त मैदानापुरतं बोलत होतो. आजोबांनी मान डोलावली. मैदानापुरतं, बरं. मनेआबात चालते ना? मनेआबात तर चालतेच, अध्यक्ष म्हणाले, आणि इथे त्यांचं चुकलं.

कारण तौरेका बायकांच्या ओळीतून पुढे सरकली. तरुण मुलीने सभेत भाषण करायचं नसतं. पण बुबुती म्हणजे भाषण नव्हे, ती कोणालाही घालता येते. ती गुडघ्यांवर पुढे आली, नाबुआकाच्या समोर बसली, मान खाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"नाबुआकामामा, तुम्ही माझ्या आईचे चुलतभाऊ. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. मोठ्या स्पर्धेची जागा मला द्या. बुबुती घालते."

नाबुआकाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तो हसला, सभेत हसतात तसा. पोरी, म्हणाला, माझं काही असतं तर लगेच दिलं असतं. पण ती जागा माझी थोडीच आहे? ती राष्ट्राची आहे. मी नुसता विश्वस्त. जी वस्तू माझी नाही ती मी कशी देणार?

पदाधिकाऱ्यांच्या चटईवर माना हलल्या. उत्तर पक्कं होतं. तौरेकाला वाटलं, संपलं. हा माणूस कशातूनही निसटतो.

उरियाम आजोबांनी तंबाखूची गुंडाळी कानामागून काढली आणि परत ठेवली.

"मग मघाशी भाचीला दिलीस ती कोणाची होती?"

हसू आधी म्हाताऱ्यांत फुटलं, मग ते चटया ओलांडत बाहेर उभ्या असलेल्यांपर्यंत गेलं. जागा नाबुआकाची नसेल तर भाचीलाही देता येत नाही, आणि त्याची असेल तर मागितल्यावर द्यायला हवी. दोन्ही बाजूंनी अडकला. इथून उठून बैठकीला जायची सोय नव्हती. त्याने पाद्रीबुवांकडे बघितलं, पण पाद्रीबुवा त्या वेळी छपराचं कौतुक करत होते.

"घे," नाबुआका शेवटी म्हणाला.

चटयांवर हात आपटले गेले, बिरीबोमामाने तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मिळालं. चार वर्षं चर्चभोवती फिरून जे मिळालं नव्हतं ते गुडघ्यांवर चार हात सरकून मिळालं. तौरेकाला आनंदही झाला आणि थोडी लाजही वाटली, कारण ज्या रीतीने काआकेने तिला लुबाडलं त्याच रीतीने तिने मिळवलं होतं. पण आनंद जास्त होता. तिने तो लपवला नाही.

म्हणूनच नाबुआका वाकून भाचीच्या कानाशी लागला ते तिला लगेच दिसलं. मेरेविना नको नको म्हणत होती. मामाने तिला कोपराने ढोसलं. मग आणखी एकदा. मेरेविना कंटाळून, पदर सारखा करावा तसं लुगड्याचं टोक खोचत उठली आणि तौरेकाच्या दिशेने यायला लागली. मुलगी गोड होती, तौरेकाची मावसबहीण लागत होती, आणि तोंड उघडलं की झालं. आता कोणी कोणाला अडवू शकत नव्हतं, उरियाम आजोबाही नाही. रीत ती रीत.

तौरेका वाकली, छपराखालून सटकली आणि धावत सुटली.

मागून मेरेविनाचा आवाज आला, "तौरेका, थांब गं, मला तुझ्याकडे..." पुढचं वाऱ्याने नेलं. तौरेका रस्त्यावर आली होती. डुकरं बाजूला झाली. सगळा मनेआबा बाहेर लोटला, म्हातारे काठ्या टेकत, बायका मुलं काखेत मारून, आणि काय चाललंय ते कळल्यावर माणसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जागा धरल्या. अबानुकात निवड चाचणी कधी झाली नव्हती. ही पहिली.

मेरेविना चर्चच्या वळणापर्यंत पोचली. तिथे तिने कमरेवर हात ठेवले, एका दगडावर बसली आणि खदखदा हसायला लागली. हात हलवून तिने पुढच्यांना सांगितलं की आपल्याच्याने होणार नाही, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. पण नाबुआका थांबला नाही. आता तो स्वतः मागणार होता. दिलेलं परत मागता येतं, रीत त्याला आडवी येत नव्हती. चपला त्याने हातात घेतल्या. पोट पुढे, मागे दोन्ही सचिव, त्यांच्यामागे मत्स्यखात्यातले डॉक्टर, अशी समिती रस्त्यावरून निघाली. इतकी वर्षं खेळांचा कारभार हाकणाऱ्या या मंडळींना धावताना देशाने प्रथमच पाहिलं. लोकांनी मनापासून उत्तेजन दिलं. दुसरा सचिव पहिल्याच्या पुढे गेला तेव्हा त्याच्या गावाने जल्लोष केला.

शाळेपाशी नाबुआका वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि तोंडातून शब्दाऐवजी शिट्टीसारखं काहीतरी निघालं. पाद्रीबुवांच्या बायकोने त्याला शहाळं दिलं.

तौरेकाने वळून पाहिलं नाही. दोन बेटांना जोडणाऱ्या बांधावरून ती पलीकडच्या बेटावर गेली, रस्ता संपला तिथे वाळूत उतरली आणि पाणी पायाला लागलं तेव्हा थांबली. श्वास छातीत मावत नव्हता. मागचा रस्ता रिकामा होता. पुढे समुद्र होता, आणि एवढं धावूनही सगळा देश तिच्या पाठीमागे हाकेच्या अंतरावर होता.

मग बांधाच्या टोकाशी तिला एक ठिपका दिसला. नाबुआका येत होता. धावत नव्हता, शांतपणे पायडल मारत होता, बिरीबोमामाच्या सायकलवर.

स्पर्धेला अजून एक वर्ष होतं. तौरेकाने लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि ती पाण्यात शिरली.